पत्ता असलेलं चित्र

जर्मन चित्रकार फ्रान्त्स मार्क याचं 'निळ्या घोड्यांचा मनोरा' हे चित्र 1913 सालचं. दोन मीटर उंच, चार निळे घोडे एकावर एक रचल्यासारखे. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनानं ते घेतलं. 1937 मध्ये नाझींनी ते 'अधःपतित कला' म्हणून म्युनिकच्या कुप्रसिद्ध प्रदर्शनात टांगलं. मार्क पहिल्या महायुद्धात व्हर्दूंच्या आघाडीवर कामी आलेला. अशा सैनिकाच्या चित्राची विटंबना नको, अशी तक्रार लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेनं केली. मग ते उतरवलं गेलं आणि नाझी नेता गोअरिंगनं स्वतःकडे वळवलं. 1945 नंतर त्या चित्राचा पत्ता नाही.

पण हेच घोडे मार्कनं आधी एका पोस्टकार्डावर काढले होते. 1913 हे वर्ष लागताना शुभेच्छा म्हणून त्यानं ते कार्ड बर्लिनच्या कवयित्री एल्झे लास्कर-श्युलर यांना पाठवलं. ते तळहाताएवढं कार्ड अजून शाबूत आहे.

लास्कर-श्युलर तेव्हा नुकत्याच नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या आणि पैशांची चणचण होती. पत्रांखाली त्या 'थीब्सचा राजपुत्र युसुफ' अशी सही करत. मार्क त्यांना त्याच थाटात उत्तर देई. दोनेक वर्षांत त्यानं त्यांना अशी 28 रंगवलेली कार्डं पाठवली. घोड्यांच्या अंगावर चंद्रकोर आणि चांदण्या आहेत, त्या लास्कर-श्युलर यांच्याच. ती त्यांची आवडती चिन्हं होती. म्हणजे ज्या चित्राकडे पुढे कलेच्या इतिहासातला मोठा टप्पा म्हणून पाहिलं गेलं, ते मुळात एका बाईला उद्देशून होतं, आणि त्यातली खूण तिलाच कळावी अशी होती.

कलावंतांनी केलेल्या पोस्टकार्डांची मोहिनी कशात आहे, हा प्रश्न निघाला की लोक हाताच्या स्पर्शाबद्दल, जुन्या दिवसांबद्दल, पिवळट पडलेल्या कागदाच्या वासाबद्दल बोलू लागतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं. हाताचा स्पर्श कॅनव्हासवरही असतो. जुना वास रद्दीच्या दुकानातही येतो. कार्डाचं वेगळेपण त्याच्या पाठीवर आहे. भिंतीवरच्या चित्रावर नाव असतं ते काढणाऱ्याचं, कार्डावर ठळक नाव असतं ते घेणाऱ्याचं. प्रदर्शनातलं चित्र जो येईल त्याच्याकडे पाहतं. कार्ड एका माणसाचं घर शोधत जातं. आणि जाताना ते उघडंच असतं, वाटेत कोणीही वाचावं.

हा उघडेपणा सुरुवातीला लोकांना भलताच खटकला होता. ऑस्ट्रिया-हंगेरीनं 1 ऑक्टोबर 1869 रोजी जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड काढलं. आपल्याकडे ते 1879 च्या जुलैत आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. नोकरचाकर आपली पत्रं वाचतील ही धास्ती युरोपातल्या प्रतिष्ठितांना होती. आपण त्या उघडेपणाचा आपल्या पद्धतीनं उपयोग करून घेतला. मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडायचा. मजकूर वाचण्याआधीच घरातल्यांना कळावं, आणि पोस्टमननंही ते जरा जपून हातात द्यावं. चित्र न काढता, शब्द न वाढवता, निव्वळ कागदाच्या आकारातून निरोप द्यायची ही रीत कुणा कलावंतानं शोधलेली नाही. पण टपालकलेच्या कुठल्याही संग्रहात ती शोभून दिसेल.

कलावंताचं पोस्टकार्ड म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. कलावंताच्या चित्राचं छापील कार्ड, हजारांच्या संख्येत निघणारं, ही एक. मळवलीच्या रविवर्मा प्रेसनं देवदेवता आणि पौराणिक नायिका घराघरांत नेल्या, त्यात कार्डंही होती. महादेव विश्वनाथ धुरंधर, जे. जे. स्कूलचे नामांकित शिक्षक, यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांची कार्डं काढली. रस्त्यावरचे नमुने, ठसकेबाज बायका, थोडी थट्टा, थोडा चावटपणा. धुरंधरांची भव्य तैलचित्रं पाहून दबकलेल्या माणसानं ही कार्डं जरूर पाहावीत. त्यात त्यांचा हात किती मोकळा होता ते कळतं. व्हिएन्नात 'वीनर वेर्कश्टेटे' या कारागीर-कलावंतांच्या संस्थेनं 1907 पासून पुढे सुमारे हजार कार्डं काढली. कोकोश्का आणि शीले तेव्हा पोरसवदा होते, त्यांचीही कार्डं त्यात आहेत. वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेनं 1923 च्या आपल्या प्रदर्शनाची जाहिरात 20 शिळाछाप कार्डांतून केली. क्ले, कान्डिन्स्की, फायनिंगर असे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच संचात. ही सगळी सुंदर कार्डं आहेत, पण त्यांच्यावर पत्ता नंतर, विकत घेणारा लिहितो. गोव्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची कार्डं आजही खपतात आणि त्यातली बहुतेक पोस्टाच्या पेटीऐवजी फ्रिजच्या दारावर जातात. त्यात वाईट काही नाही. मात्र ते कार्ड मग लहान आकाराचं चित्र उरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्कनं केली ती. एकच प्रत, एकच मालक. ड्रेस्डेनच्या 'ब्र्युके' गटातले हेकेल, किर्शनर, पेख्श्टाइन, श्मिट-रोट्लुफ हे एकमेकांना आणि मित्रमैत्रिणींना सतत अशी कार्डं टाकत. समुद्रावर पोहायला गेले की तिथलं, मॉडेल बसली की तिचं, कधी चालू असलेल्या मोठ्या चित्राचं घाईघाईत केलेलं टिपण. आपल्याकडे या प्रकारातलं सर्वांत मोठं नाव नंदलाल बोस यांचं. शांतिनिकेतनातून त्यांनी विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना, घरच्यांना कित्येक दशकं चित्रं काढलेली कार्डं पाठवली. शाईचे चार फटकारे, एखादं ताडाचं झाड, एखादं जनावर, वाटेनं चाललेलं कुणी. पोस्टाचं साधं कार्ड, साधी दौत. काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी 1938 मध्ये त्यांनी केलेले फलक सगळ्या देशाला उद्देशून होते आणि कार्डं एकेकाला, पण हात तोच आहे. लहान जागेत रेघ कुठे थांबवायची याचा रियाज त्यांनी रोज कार्डावर केला असं मला त्या रेघा पाहून वाटतं. शिक्षकानं विद्यार्थ्याला काढून पाठवलेलं झाड म्हणजे पाठही झाला आणि खुशालीही.

इथपर्यंत पोस्ट हे निव्वळ वाहन आहे. वाहनच कलेत शिरलं तेव्हा मामला बदलला, आणि ज्याला जग 'मेल आर्ट' म्हणतं ती टपालकला तिथून सुरू होते.

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर वाद घालता येईल. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँनं 6 फेब्रुवारी 1916 ही तारीख घातलेली चार कार्डं एकत्र चिकटवून न्यूयॉर्कमधल्या आरेन्सबर्ग दांपत्याला धाडली. मजकूर टंकलेला, व्याकरण चोख, अर्थ शून्य. 1920 च्या दशकात इटलीतला भविष्यवादी चित्रकार ईवो पानाज्जी यानं त्याहून गमतीची गोष्ट केली. त्यानं पाकिटांवर कोलाज रचले, पण तिकिटं आणि शिक्के यांच्यासाठी जागा सोडून. उरलेलं काम टपाल खात्यानं करायचं. एरवी चित्रावर शिक्का पडला की आपण चुकचुकतो, इथे शिक्का पडल्याशिवाय चित्र पुरं होत नव्हतं.

या कल्पनेचं सर्वांत नेटकं रूप फ्रान्सच्या बेन व्होतिए या फ्लक्सस गटातल्या कलावंतानं 1965 मध्ये केलं. 'पोस्टमनची निवड' असं त्या कार्डाचं नाव. दोन्ही बाजू सारख्याच: पत्त्याच्या रेघा, तिकिटाची जागा. पाठवणाऱ्यानं दोन बाजूंवर दोन वेगळे पत्ते लिहायचे, दोन्हीकडे तिकीट लावायचं आणि पेटीत टाकून द्यायचं. कोणाकडे जायचं हे पोस्टमन ठरवणार. यात चित्र नाहीच. तरी मला टपालकलेतली ही सर्वांत चांगली कृती वाटते. सगळी यंत्रणा, तिचा आपण गृहीत धरलेला शिस्तीचा स्वभाव आणि त्या यंत्रणेतला एक माणूस, ज्याला रोज फक्त आज्ञा मिळतात, त्याला एक निर्णय बहाल केलेला. त्यानं काय केलं असेल? जी बाजू वर आली ती धरली असेल, जवळचा पत्ता निवडला असेल, की वैतागून कार्ड बाजूला टाकलं असेल?

ऑन कावारा या जपानी कलावंतानं पोस्टाला साक्षीदार केलं. 1968 ते 1979 अशी अकरा वर्षं तो रोज दोन पर्यटकी कार्डं दोघांना पाठवत होता. समोर त्या गावाचं ठरावीक रंगीत चित्र, मागे रबरी शिक्क्यांनी उमटवलेली तारीख, आपला मुक्कामाचा पत्ता आणि एक ओळ: आपण किती वाजता उठलो. बस. ना हवापाणी, ना ख्यालीखुशाली. त्याच्या शिक्क्यांची पेटी चोरीला गेली तेव्हा ही मालिका थांबली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा चक्रमपणा वाटला होता. पण रोज कुणी 'आज 8.47 ला उठलो' असं कळवत राहिलं तर काही महिन्यांनी ते वाचताना काय वाटेल, याचा विचार करून पाहा. आपल्याकडच्या जुन्या कार्डांचा मजकूरही याहून फार वेगळा नसे. 'आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत, तुमचे क्षेम कळवावे.' त्या वाक्यात बातमी नव्हती. मी आहे, एवढंच त्यात होतं. 1970 पासून कावारानं तारा पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांत 'मी अजून जिवंत आहे' एवढंच असे.

अमेरिकेत एलेनॉर अँटिन यांनी 1971 ते 1973 या काळात 51 कार्डांची एक मालिका केली. रबरी बूट, पन्नास जोड्या, म्हणजे शंभर नग. ते समुद्राकडे तोंड करून उभे, बाजारात जाताना, रस्त्यावरून चालताना असे फोटो काढायचे, कार्ड छापायचं आणि सुमारे हजार लोकांना पाठवायचं. कधी लगोलग, कधी आठवड्यांच्या अंतरानं. मासिकातल्या 'क्रमशः' कादंबरीसारखी ती कथा लोकांच्या पत्रपेटीत उतरत होती. शेवटी बूट खुद्द न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखल झाले. दार न ठोठावता, पोस्टानं आत शिरायचा हा मार्ग अँटिनबाईंनी मोठ्या ऐटीत दाखवला.

पण टपालकलेला जाळं दिलं ते रे जॉन्सननं. 1927 साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकलेला हा माणूस 1950 च्या दशकापासून न्यूयॉर्कमधून ओळखीच्या-अनोळखी लोकांना कात्रणं, रेखाटनं, सशाची मुंडकी असले कागद पाठवत होता. खाली सूचना: यात भर घाल आणि अमक्याला पाठव. हा अमका कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. घरबसल्या टपालानं चित्रकला शिकवणाऱ्या संस्थांच्या जाहिराती तेव्हा असत. त्यांची टर उडवत त्याच्या एका मित्रानं या उद्योगाला 'न्यूयॉर्क पत्राचार शाळा' म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. जॉन्सननं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्यात 'नाच' हा शब्द घुसवला. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयात या शाळेचं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यानं आपलं काम न मांडता इतरांनी पाठवलेलं मांडलं. 1973 मध्ये त्यानं शाळा मेल्याचं पत्र 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मृत्युलेख विभागाला पाठवलं, आणि मग कार्डं टाकणं चालूच ठेवलं. जानेवारी 1995 मध्ये त्यानं पुलावरून पाण्यात उडी घेऊन जीव दिला. घरात हजारो कृती सापडल्या.

या जाळ्याचे नियम हळूहळू ठरत गेले. प्रदर्शनाचं आवाहन निघालं की जे येईल ते सगळं लावायचं. निवड समिती नाही, प्रवेश फी नाही, काम परत मिळणार नाही, भाग घेणाऱ्या प्रत्येकाला यादी मात्र पाठवायची. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस या संस्थेतल्या प्रदर्शनासाठी संयोजिकेनं आलेल्या कामांतून निवड केली, तेव्हा टपालकलावंत खवळले आणि जाहीर पत्रं निघाली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. अशा प्रदर्शनांतलं बहुतेक काम सुमार असतं. सगळ्यांना दार उघडं ठेवलं की तेच होणार. चारशे कार्डं भिंतीवर टाचली की रबरी शिक्के, कापलेली मासिकं, खोटी तिकिटं यांचा एकसुरी गलबला होतो आणि दहा मिनिटांत डोळे थकतात. पण ती चारशे कार्डं चारशे दिवसांत एकेक करून एका घरी आली होती हे भिंत सांगत नाही. कुणाच्या लग्नातली सगळी शुभेच्छापत्रं एका बैठकीत वाचली तर तीही कंटाळवाणीच वाटतील.

जिथे कागद पाठवणं धोक्याचं होतं, तिथे मात्र हे सुमारपणाचं बोलणं अपुरं पडतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात पाउलो ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो यांनी 1976 मध्ये आंतरराष्ट्रीय टपालकला प्रदर्शन भरवलं, तेही मुख्य टपाल कचेरीच्या इमारतीत. लष्करी राजवटीनं ते उद्घाटनालाच बंद पाडलं आणि दोघांना अटक केली. उरुग्वेत क्लेमेंते पादीन यांना 1977 मध्ये पकडलं. त्यांच्या सुटकेसाठी जगभरच्या टपालकलावंतांनी सरकारला पत्रांचा मारा केला. अर्जेंटिनात एदगार्दो अंतोनियो विगो यांचा तरुण मुलगा 1976 मध्ये लष्करानं उचलून नेला. तो परत आला नाही. विगोंनी त्याच्या नावाची तिकिटं छापली आणि पाकिटांवर लावून देशोदेशी पाठवली. एरवी तिकिटावर राजाराणीचं, नेत्यांचं चित्र असतं. एका बापानं तिथे आपल्या बेपत्ता मुलाला बसवलं.

पूर्व जर्मनीत कलेला परवानगी लागे, पण कार्ड टाकायला लागत नसे. रॉबर्ट रेफेल्ट आणि त्यांची पत्नी रूट वोल्फ-रेफेल्ट यांचं बर्लिनमधलं घर या जाळ्याचं एक मोठं ठाणं होतं. रूटबाई कचेरीत काम करत. टंकयंत्रावर अक्षरं, बिंदू, आडव्या रेघा ठोकून त्या लाटा, पिंजरे, फुलपाखरं उभी करत आणि ती कार्डं जगभर धाडत. स्वतः त्यांना देशाबाहेर पडणं दुरापास्त, त्यांची चित्रं मात्र ब्राझीलपासून जपानपर्यंत फिरत. श्टाझी ही गुप्त पोलिसांची यंत्रणा टपाल उघडून पाहत असे, त्यामुळे तिथल्या प्रत्येक कार्डाला दोन वाचक असत: ज्याचा पत्ता तो, आणि ज्याला पत्त्याशी कर्तव्य नाही तो. ड्रेस्डेनमध्ये तर एका टपालकलावंताला तुरुंगवास झाला. 1990 मध्ये दोन जर्मनी एक झाले आणि रूटबाईंनी काम थांबवलं. आता जाता येत होतं, तेव्हा कार्ड पाठवायची निकड उरली नव्हती. 2017 मध्ये कासेलच्या 'डोक्युमेंटा' या कलाप्रदर्शनात त्यांची कार्डं लागली, तेव्हा त्या 85 वर्षांच्या होत्या आणि टंकयंत्र कधीच बंद पडलं होतं.

भारतात टपालकला नावाची चळवळ अशी फार रुजली नाही, पण तिच्याजवळून जाणाऱ्या गोष्टी घडल्या. साठच्या दशकात बंगालच्या 'भुकेल्या पिढी'च्या कवींनी मंत्र्यासंत्र्यांना आणि बड्या अधिकाऱ्यांना कागदी मुखवटे पाठवले, आपला मुखवटा उतरवा अशी विनंती छापून. पुढे त्या कवींवर खटले भरले गेले. मराठीतली त्याच काळातली अनियतकालिकंही पुष्कळशी पोस्टावरच जगली. सायक्लोस्टाइल केलेली पानं, हातानं लिहिलेले पत्ते, वर्गणी आली तर आली. ती साहित्याची चळवळ होती हे खरं, पण दुकानाला आणि संपादकाला वळसा घालून थेट माणसाच्या घरी कागद पोहोचवायचा हा तिचा स्वभाव रे जॉन्सनला ओळखीचा वाटला असता.

आता पोस्टच आटतं आहे. डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीनं 2025 च्या अखेरीस पत्रं पोहोचवणं थांबवलं आणि रस्त्यावरच्या लाल पेट्या काढून घेतल्या. दुसरीकडे 2005 मध्ये एका पोर्तुगीज तरुणानं सुरू केलेल्या 'पोस्टक्रॉसिंग'मुळे अनोळखी लोक एकमेकांना कार्डं पाठवताहेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं 1994 पासून वेगळाच खेळ केला. नामांकित कलावंत आणि विद्यार्थी यांनी कार्डाच्या आकाराची चित्रं करायची, सही मागे. सगळ्यांची किंमत एक. विकत घेतल्यावरच कळणार की आपल्याला मोठं नाव लागलं की शिकाऊ पोर. लोक त्यासाठी रांगा लावत. खेळ छान आहे, शिष्यवृत्त्यांना पैसा मिळतो, पण ते कार्ड पोस्टात जात नाही, त्यावर कुणाचा पत्ता नाही. त्याला सोडत म्हणावं.

संग्रहालयांची अडचण वेगळी. कार्डाला दोन बाजू आणि भिंतीला एक. चित्र दाखवलं की पत्ता भिंतीकडे तोंड करून बसतो, पत्ता दाखवला तर प्रेक्षक चित्र मागतात. अलीकडे दोन्हीकडून काच असलेल्या चौकटी मधोमध उभ्या करतात आणि लोक त्यांच्याभोवती फिरतात. तरीही कार्ड हातात घेऊन उलटण्याची जी क्षणाची घाई असते, कुणाचं आलंय हे पाहण्याची, ती काचेत येत नाही.

आपल्या पोस्टाचं साधं कार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. चित्र काढायला ते फार सोयीचं नाही. कागद शाई पितो, जलरंग लावला की कडा वळतात आणि शिक्का नेमका नको तिथे पडतो. मी हल्ली बॉलपेनच वापरतो. खिडकीवर एक कार्ड मागितलं तर मिळत नाही, कारण सुटे पन्नास पैसे कुणाकडेच नसतात. रुपया द्यायचा आणि दोन घ्यायची. पहिलं कुणाला जायचं हे घरातून निघतानाच ठरलेलं असतं. दुसऱ्यासाठी पत्ता शोधावा लागतो.